सरनोबत जागेवर नव्हते

"दार लावून घ्या, माणगावे मॅडम."

शिरगुप्पे साहेबांच्या केबिनला दार होतं, पण ते लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मालक असूनही ते कारखान्यात सगळ्यांशी उघड्या दारातूनच बोलत. मी दार लावलं. त्यांनी समोरच्या स्क्रीनची मान माझ्याकडे वळवली.

"वाचा."

परदेशातल्या आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची मेल होती. आमची कंपनी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मोठ्या पंपांचे सुटे भाग बनवते. या गिऱ्हाइकाने आम्हाला विश्वासाने दिलेली ड्रॉइंग्ज कुणीतरी दुसऱ्याच कंपनीने जशीच्या तशी त्यालाच दाखवली होती, वर स्वस्तात माल द्यायची तयारीही दाखवली होती. मेलची भाषा सभ्य होती. अर्थ एवढाच, की चोर सापडत नाही तोवर तुमची ऑर्डर थांबवली आहे.

"ही ऑर्डर गेली तर फाउंड्रीची एक पाळी बंद करायला लागेल मला," साहेब म्हणाले. "आतलंच कोणीतरी आहे. तुमचा तो प्रॉक्सी की काय तो, त्यात सापडेल?"

"सापडेल."

"कुणाला बोलू नका. सरनोबतांनाही नको."

हे शेवटचं वाक्य ऐकून मला किती बरं वाटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. इंद्रजित सरनोबत यांना माहीत नाही अशी एक गोष्ट त्या कारखान्यात मला माहीत होती.

आमच्या कॉम्प्युटर विभागात सरनोबत धरून आम्ही तिघं होतो. विभागप्रमुख देसाई सर मार्च संपता संपता निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, याची चर्चा कॅन्टीनपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळीकडे होती, आणि सगळीकडे एकच नाव होतं. ते माझं नव्हतं. मी सरनोबतांच्या आधीपासून तिथे होते. नेटवर्क मी उभं केलं होतं. कारखान्यातला कुठलाही कॉम्प्युटर इंटरनेटवर जातो तो एकाच दारातून, त्या दाराला आम्ही प्रॉक्सी म्हणतो. कुठल्या मशीनवरून, कुणाच्या नावाने, कुठल्या पत्त्यावर, केव्हा, किती माहिती आत आली आणि किती बाहेर गेली, याची नोंद तिथे आपोआप होत राहते. ते दार मी बसवलं होतं. पण ते बसवल्यानंतर संचालकांपुढे त्याची माहिती द्यायची वेळ आली, तेव्हा देसाई सर म्हणाले, "सरनोबत बोलू दे. त्याला बोलायला चांगलं जमतं." सरनोबत बोलले. चांगलंच बोलले. शेवटी म्हणाले, "यातलं सगळं डोकं मॅडमचं, मी फक्त पोपट." सगळे हसले आणि टाळ्या त्यांना मिळाल्या.

नोंदी रोज वाचणारी मात्र मी एकटीच होते. ज्याला टाळ्या मिळाल्या त्याला त्या वाचायचा कंटाळा यायचा, आणि तसं तो सगळ्यांसमोर सांगायचाही.

त्या दिवशी मी जागेवर येऊन बसले. समोरच्या टेबलावर सरनोबत खुर्ची मागे रेलून फोनवर कुणाला तरी हसवत होते. मी गेल्या महिन्याच्या नोंदी उघडल्या. बाहेर जाणारी माहिती जिथे नेहमीपेक्षा फार मोठी होती, तेवढ्याच ओळी बाजूला काढल्या. बऱ्याचशा ओळखीच्या निघाल्या. अकाउंट्सवाले करखात्याच्या साइटवर कागद चढवत होते. कुणीतरी लग्नाचे फोटो चढवले होते. त्या सगळ्या गाळल्यावर उरला एकच विचित्र नावाचा पत्ता. फुकट फाइली ठेवायची कुठली तरी परदेशी जागा. तिथे मोठमोठ्या फाइली गेल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच मशीनवरून.

मशीनचं नाव वाचून मी मान वर केली. ते मशीन माझ्या समोर होतं. त्याच्यामागे सरनोबत अजून हसत होते.

धक्का बसायला हवा होता. बसला नाही. छातीत काहीतरी गरम आणि गोड पसरलं. मग मी घाईघाईने पुन्हा सगळं तपासलं, कारण इतकं मनासारखं झालेलं मला कधी माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा तपासूनही उत्तर तेच आलं.

"काय मॅडम, काय सापडलं?" सरनोबतांनी फोन ठेवत विचारलं. "एवढं टक लावून बघताय."

"काही नाही. नेहमीचंच."

"चहाला येणार काय? चला की."

"नको. तुम्ही जा."

ते गेले. त्यांच्याबरोबर शेजारच्या विभागातले दोघं-तिघं उठून गेले. ते चहाला उठले की माणसं आपोआप उठायची.

त्या संध्याकाळी घरी अजितने नेहमीप्रमाणे विचारलं, "मग? आज सरनोबतांनी काय केलं?" माझा नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. कंपनीत काय बनतं ते त्याला नीटसं सांगता येत नसे, पण सरनोबत कुठल्या रंगाचा शर्ट घालून आले होते हे त्याला माझ्या बोलण्यातून कळायचं. त्या दिवशी मी म्हटलं, "काही नाही." त्याने भाकरीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना अहवाल दिला. जे दिसलं तेच लिहिलं, एक शब्द वाढवला नाही. साहेबांनी विचारलं, "एखादा आपोआप चालणारा प्रोग्रॅम असेल काय? व्हायरस वगैरे?" मी म्हटलं, तसं वाटत नाही. प्रोग्रॅम असता तर घड्याळ लावल्यासारखा चालला असता. इथे कुणीतरी एक फाइल चढवायला घेतलीय, अर्ध्यात सोडलीय, दुसरी घेतलीय, मध्येच थांबलंय, परत आलंय. हे माणसाचं काम आहे. अहवालाच्या तळाशी मी आणखी एक गोष्ट लिहिली होती, की याच मशीनवरून इंटरनेटवरच्या कुठल्याशा पत्त्याशी एक बारीकशी जोडणी दिवसभर उघडी दिसते, तिचा उलगडा झालेला नाही. ती ओळ साहेबांनी वाचली, पण त्यावर कुणी काही विचारलं नाही.

"म्हणजे सरनोबतच," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. घरातलं माणूस आजारी असल्याचं कळावं तसा चेहरा झाला होता त्यांचा. त्याही वेळी माझ्या मनात आलं, माझं नाव निघालं असतं तर यांना इतकं वाईट वाटलं असतं का?

पुढच्या सकाळी मी पोचले तेव्हा समोरच्या टेबलावरचं मशीन नव्हतं. नुसत्या वायरी लोंबत होत्या. सरनोबतांना केबिनमध्ये बोलावलं होतं आणि मलाही निरोप होता.

आत साहेब होते, आणि पर्सोनेल मॅनेजर केळवकर. केळवकरांच्या पुढ्यात माझा अहवाल होता आणि त्याच्या बाजूला एक टाइप केलेला कागद. सरनोबत टेबलासमोर उभे होते. त्यांना कुणी बसायला सांगितलेलं दिसत नव्हतं. मला मात्र केळवकरांनी खुर्ची दाखवली.

"मॅडम, ही नोंद खोटी असू शकते काय?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. नोंद बरोबर आहे."

"ऐकलं?" केळवकर सरनोबतांना म्हणाले. "हे बघा, साहेबांना पोलीस नकोत. तुम्हालाही नको असतील. राजीनाम्यावर सही करा आणि ड्रॉइंग कुणाला दिली तेवढं सांगा. विषय संपला."

"मी दिली नाहीत ओ," सरनोबत म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. रोज भरून वाहणारा माणूस आतून कोरडा पडला होता. "साहेब, माझ्या पोरीची शपथ, मी दिली नाहीत."

"मग तुमच्या मशीनवर दुसरं कोण बसलं?"

"मला काय माहीत? मी कुठे होतो तेच मला आठवत नाही. कुणाला आठवतं हो, गेल्या महिन्यात अमुक वाजता आपण कुठे होतो?"

"आम्ही आठवण करून देतो." केळवकरांनी अहवाल उचलला, चष्मा लावला आणि कॅलेंडर पुढ्यात घेऊन एकेक नोंद वाचू लागले. "सोमवार, दुपारी तीनच्या सुमारास. मोठी फाइल. बुधवार, त्याच आठवड्यातला. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच. शुक्रवार, दुपारीच..."

त्या वेळा मी स्वतः टाइप केल्या होत्या. पण मला त्या नुसते आकडे म्हणून दिसल्या होत्या. केळवकरांनी वार लावून वाचल्या तसे ते दिवस उभे राहिले.

सोमवारी दुपारी तीन वाजता सरनोबत याच केबिनमध्ये होते. काचेतून दिसत होते. साहेब त्यांना नव्या युनिटचा नकाशा दाखवत होते आणि दोघं कशावरून तरी इतके हसले, की साहेबांनी डोळे पुसले. त्यांच्यासाठी साहेबांच्या खास कपातला चहा गेला होता. मला त्या केबिनमध्ये कधी साधं पाणीही कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी ते परचेसमध्ये होते. प्रिंटर बंद पडला होता म्हणून गेले आणि तिथेच बसले. गुऱ्हाळं सुरू झाली होती. परचेसमधल्या बायकांनी घरून काकवी आणली होती आणि त्यांना आग्रह करकरून भाकरीबरोबर वाढली होती. माझा त्या बायकांशी रोज संबंध यायचा. त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. मी माझा डबा जागेवर खाल्ला होता, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

आणि शुक्रवार तर मी विसरणंच शक्य नव्हतं.

सरनोबतांनी पेन उघडलं होतं. कागद त्यांच्यासमोर सरकवलेला होता. ते वाचत नव्हते. नुसते बघत होते. मला वाटतं, ते सही करणार होते. बाहेर पोलिसांची गाडी आली तर आपल्या मुलीला शाळेत काय ऐकावं लागेल, याचा ते विचार करत असावेत.

मी गप्प राहिले असते तर काय झालं असतं, हे मला लख्ख दिसत होतं. मी काहीच खोटं बोलले नव्हते. नोंद खरी होती. मार्च जवळ आला होता.

"साहेब," मी म्हटलं, "सरनोबत जागेवर नव्हते."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"सोमवारी ते इथे होते. तुमच्याबरोबर. तुम्ही त्यांना नव्या युनिटचा नकाशा दाखवत होतात."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू मान हलवली. "नकाशा दाखवला होता खरा. सोमवारच होता काय?"

"सोमवारच. बुधवारी ते परचेसमध्ये होते, सुट्टीनंतर बराच वेळ. आणि शुक्रवारी दुपारी ते कंपनीतच नव्हते. मुलीच्या शाळेत गॅदरिंग होतं." मी केळवकरांकडे वळले. "तुम्हीच सोडलं होतं."

केळवकरांना आठवलेलं दिसलं.

"त्या वेळी त्यांच्या खुर्चीवर कोणीही बसलं नव्हतं. तिन्ही वेळा खुर्ची रिकामी होती. आणि तरी मशीनवर माणूस काम करत होता. याचा अर्थ तो माणूस बाहेर कुठेतरी बसलेला आहे. दिवसभर उघडी असलेली ती बारीक जोडणी मी लिहिलीय ना खाली, तिच्यातून तो आत येत असणार. मशीन यांचं, पण हात दुसऱ्याचा."

सरनोबतांच्या हातातलं पेन तसंच होतं.

केळवकरांनी चष्मा काढला. "मॅडम, एक विचारतो. तुमच्या शेजारी देसाई सर बसतात. शुक्रवारी दुपारी ते कुठे होते?"

"मला आठवत नाही."

"बुधवारी?"

"नाही आठवत."

"पण सरनोबत कधी, कुठे, किती वेळ, हे तुम्हाला तारीखवार पाठ आहे." ते किंचित हसले. साहेबांकडे बघून हसले. "कसं काय बरं?"

साहेबांनी नजर टेबलावर वळवली. सरनोबतांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्याही चेहऱ्यावर तीच शंका मला दिसली, वर अवघडलेपणाही. केळवकर काय म्हणत होते ते मला कळलं. लग्न झालेली बाई, समोरच्या पुरुषावर दिवसभर डोळा ठेवून बसते, आणि आज त्याची नोकरी जायला लागली तर धावून येते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गेटपर्यंत गेली असती. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. माझं सरनोबतांवर मन बसलं आहे असं यांनी धरलं, तर माझ्या सांगण्याला काडीची किंमत उरत नव्हती. मन बसलेली बाई काय, वाचवायला काहीही सांगेल.

"तुम्हाला वाटतंय तसं नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मला सरनोबतांचा हेवा वाटतो."

"काय?"

"हेवा वाटतो, साहेब. ते आले त्या दिवसापासून. ते कुठे बसतात, कुणाशी हसतात, त्यांना कोण खायला घालतं, ते सगळं मला दिसतं. मी बघते. बघायचं नाही म्हटलं तरी बघते. सोमवारी तुम्ही दोघं हसत होतात, ते मला दिवसभर खुपलं, म्हणून सोमवार माझ्या लक्षात आहे. शुक्रवारी केळवकर साहेब त्यांना म्हणाले, 'जा की, पोरीचं गॅदरिंग परत येतंय होय?' त्याच्या आधीच्या महिन्यात माझ्या मुलाच्या गॅदरिंगला मी दोन तास मागितले होते, तेव्हा मला म्हणाले होते, 'महिनाअखेर आहे मॅडम.' म्हणून शुक्रवार लक्षात आहे." मला दम लागला होता. "देसाई सरांची जागा मला हवी आहे. सरनोबत गेले तर ती मला मिळेल. मी त्यांना वाचवायला खोटं कशाला बोलेन?"

हे सगळं मी सरनोबतांच्या समोर बोलले. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझे कान असे तापले होते की केबिनमधला पंखाही मला ऐकू येत नव्हता.

शिरगुप्पे साहेब म्हणाले, "केळवकर, तो कागद उचला."

"साहेब, पण..."

"उचला म्हटलं. सरनोबत, बसा. पुण्याहून कुणाला तरी बोलावू मशीन उघडून बघायला. तोवर कुणी काही बोलायचं नाही."

सरनोबत बसले.

पुण्याहून एक मुलगी आली, आमच्या दोघांहून बरीच लहान. तिने मशीनची हार्ड डिस्क काढून दोन दिवस काम केलं आणि माझं म्हणणं खरं निघालं. एका गिऱ्हाइकाच्या नावाने खोटी मेल आली होती, तिला एक फाइल जोडलेली होती. ती उघडल्यावर मशीनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम येऊन बसला होता आणि त्याने आतून दार उघडून दिलं होतं. कुठे तरी लांब बसून कुणीतरी सरनोबतांचं मशीन स्वतःचं असल्यासारखं वापरत होतं. मशीन बराच वेळ तसंच पडून राहिलं, की समोर कुणी नाही असं ओळखून तो माणूस काम करायचा. ती म्हणाली, असली मेल कुणीही उघडली असती.

"मलाही आली होती," मी साहेबांना म्हटलं. "मी उघडली नव्हती."

हे सांगायची काही गरज नव्हती. पण राहवलं नाही.

साहेबांनी गिऱ्हाइकाला सगळा प्रकार खरा खरा कळवला, पुण्याच्या मुलीचा अहवाल जोडला. ऑर्डर थोडी कमी होऊन परत आली. पाळी बंद करावी लागली नाही.

सरनोबत पुन्हा समोर येऊन बसले, नव्या मशीनवर. आम्ही कामापुरतं बोलत होतो. एका दुपारी ते कॅन्टीनकडे न जाता माझ्या टेबलाशी आले आणि उभे राहिले.

"मॅडम, चला. आज नाही म्हणू नका."

आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर गेलो. उसाचे ट्रक चालले होते, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. चहा हातात आल्यावर ते म्हणाले, "आभार मानायचे होते. पण त्या दिवसापासून मला दुसरंच खातंय. माझा हेवा कशाचा वाटतो ओ तुम्हाला? कामात तुम्ही माझ्या पुढे. मला जे येतं ते निम्मं तुम्ही शिकवलेलं."

"तेच," मी म्हटलं. "तुम्हाला एखादी गोष्ट येत नसली की तुम्ही साहेबांसमोर हसत सांगता, मला नाही येत, मॅडमना विचारून सांगतो. आणि साहेबांना तुम्ही मोठ्या मनाचे वाटता. मी तेच म्हटलं असतं तर मला येत नाही एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं असतं. म्हणून मी कधी म्हणत नाही. घरी जाऊन शिकते. तुम्हाला घरी जाऊन काही करावं लागत नाही."

ते चहा प्यायचे थांबले.

"हे मला कधी दिसलंच नाही."

"तुम्हाला बघावं लागत नाही ना."

एक ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं कप हाताने झाकून उभे राहिलो. मग त्यांनी विचारलं, "आता गेला काय?"

"काय?"

"हेवा."

मी विचार केला. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"नाही."

ते हसले. अगदी मनापासून हसले, आणि त्या हसण्याचाही मला हेवा वाटला.

घरी मी अजितला सगळं सांगितलं, केबिनमधलंही. मला वाटलं, तो चिडेल किंवा त्याला माझी लाज वाटेल. तो ब्रश धूत होता. म्हणाला, "बरं झालं, त्यांनाही कळलं. इतके दिवस मी एकटाच ऐकत होतो."

मार्चमध्ये शिरगुप्पे साहेबांनी मला बोलावलं. दार उघडंच होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. त्यांच्या खास कपातला. तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"मॅडम, तुमच्यासारखी नजर माझ्याकडे दुसरी नाही. तुमचा पगार वाढवतोय. नव्या युनिटचं सगळं नेटवर्क तुम्हीच बघायचं," ते म्हणाले. "पण प्रमुखाच्या हाताखाली माणसं असतात. उद्या त्यातला एखादा हुशार निघाला, लोकांना आवडायला लागला, तर तुम्हाला ते सोसणार नाही. हे मी म्हणत नाही. तुम्हीच इथे बसून सांगितलंत."

मी चहाकडे बघत राहिले. त्यांना उत्तर द्यायला माझ्याजवळ खूप काही होतं. मी सरनोबतांना वाचवलं होतं, तेही स्वतःच्या तोट्यात. एवढं ज्याच्या हातून होतं त्याला माणसं का सांभाळता येऊ नयेत? पण हे म्हणायला त्या दिवसाचा उल्लेख करावा लागला असता, आणि तो साहेबांनी आधीच करून टाकला होता.

"चालेल, साहेब," मी म्हटलं आणि चहा संपवून उठले.

सरनोबत विभागप्रमुख झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी केळवकरांकडे जाऊन सुट्टीचा नियम सगळ्यांना सारखा करून घेतला. संचालकांपुढे काही मांडायचं असलं की मला पुढे करू लागले. मी अडखळले तर मध्ये बोलत नसत, थांबत. त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. एकदाही वाकडं बोलले नाहीत, एकदाही माझं काम आपल्या नावावर खपवलं नाही. रागावायला काही कारण मिळेल म्हणून मी किती शोधलं, ते माझं मला माहीत. चांगले साहेब होते. तेच सर्वांत जड गेलं.

पुढे ते बंगळूरला एका मोठ्या कंपनीत गेले, आणि मग कुठे प्रमुखाची जागा मला मिळाली. तोवर माझे केस पिकले होते. परचेसमध्ये सगळ्या नव्या बायका होत्या, त्या मला आपल्यात बोलवायच्या.

परवा संध्याकाळी सरनोबतांचा फोन आला. त्यांची मुलगी आता हेच काम करते. तिला कुठलंसं मोठं पारितोषिक मिळालं होतं आणि भाषणात तिने माझं नाव घेतलं होतं, बाबांच्या एका मॅडम होत्या म्हणून. मी खूप अभिनंदन केलं. खरंच मनापासून केलं. आमचा मुलगा नोकरी सोडून घरी बसला आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

फोन ठेवून ताटावर येऊन बसले. घास तोंडाशी नेला आणि परत ठेवला.

"कोण होतं?" अजितने विचारलं.

"सरनोबत."

त्याने उठून माझं ताट झाकून ठेवलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन जेवायला लागला.